डावा गाल

दुपारच्या तालमीत, रिकाम्या खुर्च्यांपुढे, त्याने सवयीने ओळ शेवटच्या शब्दाआधी सोडून दिली आणि तो शब्द वरून आला. 'जिन्याखाली जन्मलो, जिन्याखालीच...' एवढं तो म्हणाला, आणि छताला टांगलेल्या काळ्या खोक्यांतून मावसभावाचा आवाज म्हणाला, 'वाढलो!' हुबेहूब दादाचा आवाज. तीच खरखर, शेवटच्या अक्षराला दिलेली तीच ढुशी. फक्त दादा तिथे नव्हता. दादा घरी असणार, घशाच्या ऑपरेशननंतर गळ्याला पट्टा गुंडाळून, डॉक्टरांनी सांगितलेलं मौन पाळत. इथे रंगमंचावर ह्याची जीभ जागच्या जागी थिजली. पुढची ओळ त्याने म्हटलीच नाही, पण वाजणारं कशाला थांबतंय; त्याच्या ओळीएवढी जागा रिकामी गेली आणि ठरल्या ठोक्यावर वरून 'चढलो!' पडलं. पुन्हा रिकामी जागा, पुन्हा 'नडलो!' वरच्या मजल्यावरून कुणी एकेक भांडं खाली सोडावं तसे शब्द पडत राहिले. त्याचा हात आपोआप डाव्या गालावर गेला. गाल कोरडा ठणठणीत होता. तेव्हा कुठे त्याला शिसारी आली, आणि एकदा आली ती पोटात जाऊन बसली.

"कसं वाटलं?" सभागृहाच्या मागच्या टोकाला आपल्या बटणांच्या टेबलामागे बसलेल्या साऊंडवाल्याने विचारलं. माणूस खुशीत होता. "दादांचा माईक आपण कायम वेगळा रेकॉर्ड करायचो ना, जुन्या सगळ्या शोंमधून एकेक शब्द वेचून काढला. श्वास साफ केले. तोंडातले चिकट चिकट आवाज होते, तेही साफ केले. आता नुसता शब्द. चकाचक."

"एक नंबर!" पहिल्या रांगेतून मॅनेजर बाई म्हणाल्या. त्यांचं एक बोट फोनवर चालूच होतं. "हा कधी आजारी पडणार नाही, ह्याचा घसा बसणार नाही. आता तू एकच काम कर. शोच्या आधी दादाला सांगून टाक. तो संध्याकाळी येणार आहे बघायला. तिथे खुर्चीत बसल्या बसल्या त्याला कळलं तर बरं दिसणार नाही."

"काय सांगू?"

"काय सांगू म्हणजे? तूच तर ठरवलंस."

खरंच त्यानेच ठरवलं होतं. निदान बाईंच्या लेखी तरी. मागच्या आठवड्यात, बाईंच्या ऑफिसातल्या त्या काचेच्या खोलीत, जिथे कॉफीच्या यंत्राचा जळका वास पडद्यांतसुद्धा मुरला होता, दौऱ्याचं बोलणं चाललं होतं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "मग दादाला आता आपण..." आणि नेहमीप्रमाणे थांबला. "थांबवू," बाई म्हणाल्या. त्याला काय म्हणायचं होतं? 'विचारू' म्हणायचं असेल. कदाचित काहीच म्हणायचं नसेल, नुसतं वाक्य सुरू केलं असेल. पण बाईंनी शब्द टाकला, तो ठोक्यावर पडला, आणि ठोक्यावर पडलेल्या शब्दाला मान डोलवायची त्याच्या मानेला इतक्या वर्षांची सवय. मान डोलली. टेबलाभोवतीच्यांनी 'योग्य निर्णय' असं म्हटलं आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली. त्यातलं एक त्याने खाल्लंसुद्धा. आठवणीतल्या त्या बिस्किटाचा लगदा आत्ता त्याच्या दाढेत पुन्हा उगवल्यासारखा झाला आणि त्याने रंगमंचावरच, कुणी बघत नाहीसं पाहून, रुमालात थुंकून टाकलं.

ज्याला लोक 'खिळा' ह्या रॅपच्या नावाने ओळखायचे, ज्याचं हे नाव पोरं मानेवर गोंदवून घ्यायची, त्या माणसाला लहानपणापासून श्वास पुरत नसे ही गोष्ट दोघांनाच नीट माहीत होती. एक तो आणि दुसरा दादा. आई आणि मावशी, दोघी बहिणी, दोघींची मिळून एक खोली, तीही इमारतीच्या जिन्याखाली. छत तिरकं. उंच बाजूला मोठी माणसं, बुटक्या बाजूला ही दोन पोरं. डोक्यावरून दिवसभर चपला-बूट जायचे. दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी दर पायरीला थांबायचा, वरची मास्तरीण दोन दोन पायऱ्या एकदम चढायची. अंथरुणात पडल्या पडल्या तो त्या पावलांवर शब्द बसवायचा, भराभरा, श्वास संपेपर्यंत. आणि श्वास संपला की शेजारून दादा राहिलेला शब्द टाकायचा. दादाला तो शोधावा लागत नसे. बाजारात काय झालं, शाळेत कुणी मारलं, हे आईला सांगतानासुद्धा तो धापा टाकत शेवटाशी यायचा आणि अडायचा, दादा पूर्ण करायचा. "अरे त्याचं त्याला बोलू दे की," मावशी करवादायची. "तू काय त्याची शेपूट आहेस?" दादाचं 'शेपूट' हे नाव तिथलं. मोठेपणी हजारो लोक ते ओरडतील हे बिचाऱ्या मावशीच्या स्वप्नातही नव्हतं.

पहिला कार्यक्रम एका कॉलेजच्या मागच्या अंगणात झाला, सायकली लावायच्या जागेत. दादा त्याचं जाकीट हातात धरून कडेला उभा होता. दुसऱ्या कडव्याला त्याची छाती रिकामी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, ओळीचं टोक समोर दिसत होतं आणि तिथवर पोचायला हवाच नव्हती. दादाने जाकीट टाकलं, उडी मारून त्याच्याच माईकला तोंड लावलं आणि शब्द हाणला. तेवढ्या क्षणात त्याने श्वास घेतला. गर्दी खुळावली. आणि त्याच क्षणी त्याच्या डाव्या गालावर दादाच्या थुंकीचा बारीक फवारा बसला, कोमट, लवंगेच्या वासाचा. त्या दिवसापासून प्रत्येक कार्यक्रमात, प्रत्येक ओळीला, तो फवारा. पुढे दादाला वेगळा माईक मिळाला, तरी त्याने जागा सोडली नाही. डाव्या खांद्याशी, कानाजवळ, घामाने चिंब, मोठ्या पोटाचा धक्का देत. त्याला ह्या सगळ्याची किळस यायची. कार्यक्रम संपला की आधी विंगेतल्या बेसिनवर जाऊन डावा गाल साबणाने घासायचा, दोनदा, तीनदा. दादा मागे टॉवेल घेऊन उभा असायचा. "घास, घास," म्हणायचा, "कातडी ठेव थोडी पुढच्या शोला." एकदा न राहवून तो म्हणालाच, "दादा, जरा लांब उभा राहत जा." दादा दोन कार्यक्रम लांब उभा राहिला. त्या दोन्ही कार्यक्रमांत त्याचा श्वास चुकला. तिसऱ्याला दादा पुन्हा खांद्याशी येऊन उभा राहिला.

तालीम संपल्यावर तो कलाकारांच्या खोलीत गेला. कुठल्याही सभागृहातली ही खोली त्याला आतून बाहेरून पाठ होती. आरशाभोवतीचे दिवे, त्यातला एक मेलेला. कापलेली फळं, त्यांवर ताणून बसवलेलं पारदर्शक प्लास्टिक, प्लास्टिकच्या आतून घामेजलेलं. आधीच्या कुणाच्या तरी केसांच्या स्प्रेचा वास सोफ्याच्या कापडात बसलेला. त्याने आपला माईक पिशवीतून काढला आणि जाळी स्पिरिटने पुसायला घेतली. दुसऱ्याच्या तोंडाचा माईक तो हातात धरत नसे. त्या जाळीला एक वास असतो, शिळ्या लाळेचा आणि गंजाचा, तो नाकात गेला की तीन तीन दिवस जेवण जात नाही. पण आज स्वतःच्या माईकलाच तो वास होता. त्याने पुन्हा पुसलं. हुंगलं. वास होताच. म्हणजे तो आपलाच, इतकी वर्षं आपल्याच तोंडातून येणारा, आणि ह्या तोंडाला माणसं नवस केल्यासारखी भेटायला येतात, त्याच्यासमोर आपली तोंडं उघडून उभी राहतात. पुढच्या रांगेतली ती तोंडं! रंगमंचावरून दिव्यांत नेमकी तीच दिसतात. पडजीभ हलताना दिसते, दातांतलं चंदेरी भरलेलं दिसतं, ओठांच्या कोपऱ्यातला पांढरा फेस दिसतो. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'थू'. 'तुमच्या दयेवर थू, तुमच्या सोयीवर थू, माझ्या डोक्यावरच्या तुमच्या पायरीवर थू.' लिहिलं तेव्हा खरोखर थुंकायचं होतं. खोलीच्या तिरक्या छताला खरंच थुंकून पाहिलं होतं, ते परत तोंडावर पडलं होतं आणि दोघं भाऊ पोट धरून हसले होते. आता दहा-दहा हजार माणसं, स्वच्छ बुटांतली, एका तालात थू म्हणतात, आणि शेजारणीच्या खांद्यावर हात टाकून हसतात. एका लग्नात म्हणे नवरा-नवरीने ह्या गाण्यावर नाच केला. त्याचा व्हिडिओ बाईंनी त्याला कौतुकाने दाखवला तेव्हा त्याने 'वा' म्हटलं होतं. किळससुद्धा माणसाने अशी विकावी की ती चाटून खाल्ली जावी, आणि वर आपणच वाढपी.

किळस तर किळस, पण वाक्य अर्धं सोडायची खोड घरापर्यंत आली त्याचं काय? शिंप्याकडे जाऊन तो म्हणतो, "बाही जरा..." आणि शिंपी टेप धरून वाट बघत राहतो. डॉक्टरला सांगतो, "दोन दिवस झाले इथे..." आणि डॉक्टरच दुखणं सुचवतो, तेच त्याला होतं. "तू वाक्य टाकून माझ्याकडे बघत बसतोस," बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी काय शेपूट आहे?" तेव्हा हसला. नंतर एकदा भांडणात तो म्हणाला, "मला वाटतं तू थोडे दिवस..." बायको म्हणाली, "माहेरी जाते." आणि गेली. त्याला 'विश्रांती घे' म्हणायचं होतं, हे त्याने तिला नंतर सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कशाला खरं मानते? शब्द एकदा पडला की पडला. ती महिनाभराने परत आली, पण तेव्हापासून त्याची वाक्यं पुरी करत नाही. ती नुसती थांबते, शांतपणे, हातातलं काम तसंच धरून, आणि तो दुसरं काहीतरी बोलायला लागतो.

फोन वाजला. मावशी होती.

"निघाला हो तो," मावशी म्हणाली. "कधीचाच निघाला. म्हटलं एवढ्या लवकर जाऊन काय करणार, तर हातानेच काहीतरी गिचगिच करून दाखवलं. मला कळत नाही बाबा त्याच्या खुणा. दारावर कुणी आलं तर टाळ्या वाजवतो. परवा चहा उतू गेला तर माझ्यापर्यंत पळत आला, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, कुजबुजायचं पण नाही, एक शब्द जरी निघाला तरी टाके उसवतील आणि मग आवाज विसरा. असं शहाण्यासारखं त्याने जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. तुझ्यासाठी चाललंय हे सगळं. तू सांभाळून घे रे त्याला."

"हो मावशी. मी त्याला..."

पलीकडे मावशी वाट बघत राहिली. मग तिला आपलं वाटलं, लाईन तुटली. "हॅलो? हॅलो?" करत तिने फोन ठेवला.

तो उठला आणि आतल्या बाथरूममध्ये गेला. कडी लावली. आरशात स्वतःचं तोंड जवळून पाहिलं. ओठांना भेगा, जिभेवर पिवळट साय, खालच्या दातांच्या मुळाशी काळी रेघ. ह्या भोकातून तो इतकी वर्षं जगाला शिव्या देत आला आणि एक साधं वाक्य शेवटापर्यंत नेता आलं नाही. "दादा, मला तू स्टेजवर..." तो म्हणाला. थांबला. नळ टपकत होता. कुणी शब्द टाकला नाही. त्याने बेसिनच्या कडा धरल्या, पोट आत ओढलं आणि म्हणाला, "हवास." शब्द निघाला. किरटा, बेसूर, पण निघाला. त्याने पुन्हा म्हटलं, "मला तू स्टेजवर हवास." मग आणखी एकदा, मोठ्याने. लांब उभा राहा, जवळ उभा राहा, ओरडू नकोस, नुसता ओठ हलव, पण हवास. बाई काय म्हणायचं ते म्हणोत. त्याला एकाएकी इतकं हलकं वाटलं की स्वतःच्या तोंडाचीही क्षणभर किळस आली नाही. त्याने तोंड धुतलं आणि दादाला शोधायला बाहेर पडला.

दादा मागच्या जिन्याशी होता. जिन्याखाली बसलेला, जिन्याच्या पोटात डोकं घालून, जसा लहानपणी बसायचा तसा. गळ्याला पांढरा पट्टा, शेजारी गरम पाण्याचा थर्मास, खिशात लवंगांची पुडी फुगलेली. वाळला होता. पोट उतरलेलं, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. त्याला पाहताच दादाचं तोंड कानापर्यंत फाकलं. दादाने आधी वर बोट केलं, सभागृहाच्या दिशेने. मग स्वतःच्या कानाला हात लावला. मग दोन्ही अंगठे उंच केले.

"तू तालीम ऐकलीस?"

दादाने मान हलवली. ऐकली. सगळी ऐकली. त्याने हाताने हवेत वाढलो, चढलो, नडलो असे तीन ठोके मारून दाखवले आणि 'छान जमलंय' अशी दोन बोटं जुळवून खूण केली. डोळे मात्र हसत नव्हते. त्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून तो पट्ट्याकडे बघायला लागला. पट्ट्याच्या कडेला पिवळा डाग होता, औषधाचा असेल. त्या डागाची त्याला किळस आली. आणि लगेच, इतकं हाडामासाचं हे माणूस समोर बसलंय आणि आपल्याला डाग दिसतो, ह्याची त्याहून जास्त किळस आली.

"ऐक," तो दादापुढे वाकून म्हणाला. "ते त्यांनी केलंय. माझं म्हणणं वेगळं आहे. मी सांगायलाच आलोय."

दादा सावरून बसला. मान थोडी पुढे, उजवा कान त्याच्याकडे. रंगमंचावर असायची तशीच मान.

"दादा, मला तू स्टेजवर..."

आणि तो थांबला. शब्द होता. जिभेच्या टोकावर होता, आत्ताच बाथरूममध्ये तीनदा म्हटलेला. पण समोर दादा होता, दादाचे ओठ होते, आणि ती मान पुढे आलेली होती. त्याच्या छातीने आपलं नेहमीचं केलं. ती रिकामी झाली आणि श्वास घ्यायला थांबली. एक ठोका. फार तर एक ठोका. दादाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, लहानपणी अंधारात बघायचा तसं. मग दादाचे ओठ हलले. इतक्या आठवड्यांत स्वतःच्या आईला एक शब्द न बोललेल्या त्या गळ्यातून, ओल्या फडक्याची घडी फाटावी असा आवाज निघाला.

"नकोस," दादा म्हणाला.

डाव्या गालावर थेंब बसला. कोमट. लवंगेचा.

त्याने नाही म्हणायला हवं होतं. दादा, चुकलास, असं म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण दादा खोकायला लागला होता, पट्ट्यावर हात दाबून, डोळ्यांत पाणी आणून, आणि खोकता खोकता हाताने 'जा, जा, वेळ झाली' म्हणत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच्या पोटातलं काहीतरी सैल झालं होतं. सांगायचं काम झालं होतं. इतक्या वर्षांत दादाने टाकलेला शब्द एकदाही चुकला नव्हता. आता चुकला असेल असं तो स्वतःला पटवायला गेला, आणि पटेना. बाथरूममधला 'हवास' आरशासाठी होता, हे त्याच्याआधी दादाला कळलं होतं.

"पाणी पी," तो म्हणाला. त्याने थर्मासचं झाकण उघडून दिलं. दादाने दोन घोट घेतले, तिसरा गिळवला नाही. मग खिशातून रुमाल काढून त्याच्यापुढे धरला आणि स्वतःच्या डाव्या गालावर बोट टेकवून दाखवलं. पूस.

त्याने पुसलं नाही. वरून बाई हाका मारत होत्या.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. दिवे आले, पुढच्या रांगेतली तोंडं उघडली, पडजिभा हलल्या. त्याने ओळी म्हटल्या, खोक्यांनी शब्द टाकले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. एकाच्याही नाही. पाचव्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर, जिथे दादा बसायचा होता, तिथे कुणाचा तरी कोट ठेवलेला होता. गाण्यांच्या मध्ये तो दर कार्यक्रमात म्हणतो ते वाक्य त्याच्या तोंडून सुटून गेलं, "आणि माझ्या डाव्या हाताला..." आणि तो डावीकडे वळला. दहा हजार तोंडांनी रिकाम्या जागेकडे बघत 'शेपूट! शेपूट!' असा गजर केला. त्यांना वाटलं असेल तो अंधारात कुठेतरी आहे, येईल आता. साऊंडवाला हुशार. त्याने नेमक्या वेळी बटण दाबलं आणि वरून दादाच्या आवाजात, स्वच्छ, कोरडा, श्वास नसलेला 'थू' आला. लोक वेडे झाले. विंगेतून बाईंनी अंगठा दाखवला.

त्याने गालाला हात लावला. थेंब कधीच वाळला होता, कातडी तेवढी एका जागी ओढल्यासारखी लागत होती. त्याला वाटलं, आत्ता इथेच थांबावं, बंद करा म्हणावं, सगळ्यांना सांगावं. सांगावं म्हणून त्याने माईक तोंडाशी नेला. जाळीचा वास आला. गर्दी गप्प झाली, मान पुढे करून वाट बघायला लागली.

"तो माणूस आता..." तो म्हणाला.

वरून पुढचा शब्द पडला, ठरलेल्या ठोक्यावर. कुठला होता तेही त्याने ऐकलं नाही. शब्द वाजत होता तेवढ्यात त्याने, नेहमीसारखा, श्वास घेऊन टाकला.